हिराबाईंना सापडलेली बरोबरी

होडी उलटून नवरा गेला, तेव्हापासून केळव्याच्या हिराबाई बोईसरच्या कॉलनीत मासळी विकू लागल्या. इंजिनिअर नरहरी सावे यांच्या ओट्यावर मांडलेला बुद्धिबळाचा पट पाहून त्या एकदा थबकल्या. सावेंनी विचारलं, "शिकायचंय?" तेव्हापासून दर रविवारी पाटी रिकामी झाली की एक डाव ठरलेला. तेवढा वेळ डोक्यातला समुद्र गप्प बसायचा.

सत्त्याण्णव साली संगणकानं जगज्जेत्याला हरवल्याची बातमी आली. त्याच सुमारास सावेंच्या घरीही संगणक आला. हिराबाई दारातच उभ्या राहिल्या.

"आता माझं काय काम, भाऊ? तुमच्याशी खेळायला हा हाय की."

"अहो, याच्यापुढे मीही सारखा हरतो," सावे हसले. "आणि यापुढचा येऊ घातलाय. अणूच्या नियमांवर चालणारा, क्वांटम म्हणतात त्याला. सध्या सगळं कागदावरच आहे."

"तो मग सगळे डाव आधीच बघून ठेवील? खेळच संपला म्हणायचा!"

"तसं नाही वाटत. अनेक वाटा एकदम धरता येतात म्हणे त्याला, पण शेवटी हाती उत्तर एकच लागतं. ते नेमकं हवं तेच यावं, हेच तर अवघड. बुद्धिबळातल्या वाटा त्यालाही उरकायच्या नाहीत. आत्तापेक्षा लांबचं दिसेल कदाचित, एवढंच. या आत, तुमचा मागचा डाव याला दाखवू."

मागच्या रविवारी हिराबाईंनी हार मानून राजा आडवा केला होता. सावेंनी तीच मांडणी संगणकात भरली. हिराबाईंच्या बाजूनं खेळत यंत्रानं हत्ती देऊन टाकला आणि घोड्यानं शहावर शह देत डाव बरोबरीत सोडवला.

हिराबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे मी हरले नव्हते?"

"नव्हतात. मलाही नाही दिसलं."

त्यांचे डोळे भरून आले. हार मानायची सवय त्यांना फार दिवसांची होती.

त्या गणपतीत कॉलनीच्या स्पर्धेत सावेंनी त्यांचं नाव घातलं. पहिले दोन डाव त्या हरल्या. तिसऱ्यात एक प्यादं कमी असताना पूर्वी त्यांनी हात जोडले असते. या वेळी शेवटपर्यंत चिकटून बसल्या आणि बरोबरी साधून अर्धा गुण मिळवला. सावेंनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन त्यांनी देवापुढं दिवा लावला. भाऊंसाठी हात जोडले. ते यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांची नावं ठाऊक नव्हती, त्यांच्यासाठीही जोडले.