खेळघरात हरवलेलं पोर

मुळशी तालुक्यात मी फौजदार होतो तेव्हाची ही हकिकत. नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पिरंगुटच्या खेळघराचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

पिरंगुटला तेव्हा नुकते कुठे कारखाने येऊ लागले होते. तिथल्या एका रिकाम्या शेडमध्ये एका हौशी गृहस्थाने दिवाळीच्या सुट्टीपुरतं मुलांचं खेळघर उघडलं. आत घसरगुंड्या, झोके, फिरते घोडे, उड्या मारायला भुश्शाची पोती आणि वेडेवाकडे आरसे लावलेली एक खोली. आपल्या भागात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. लोक भाकरीची गाठोडी घेऊन, एसटीने नाहीतर बैलगाडीने, अख्खं घरदार घेऊन यायचे. आमचा बंदोबस्ताचा हवालदारही त्या आरशांत आपलं पोट बघून खूश होऊन आला होता.

रविवारी संध्याकाळी वर्दी आली, खेळघरातून चार वर्षांचा मुलगा हरवला. कुटुंब सूसचं, शेतकरी. आई, आजी आणि मुलगा सकाळीच आले होते. वडील पिरंगुटच्याच एका कारखान्यात कामाला. पाळी संपवून ते खेळघरात पोचले, तेव्हा आई आणि आजी रडत मुलाला शोधत होत्या. हवालदाराने वडिलांचा जबाब घेतला. वर्णन काय, तर अंगात दिवाळीचा नवा निळा सदरा, खाकी चड्डी, रंग सावळा. लगेच सगळीकडे बिनतारी संदेश गेले. विहिरी पाहिल्या, ओढा पाहिला, एसटीच्या थांब्यावर चौकशी केली. निळ्या सदऱ्याचा मुलगा कुणीच पाहिला नव्हता.

सकाळी एक खबऱ्या कानाशी लागला. म्हणाला, खेळघराचा दारवान पूर्वी चोरीत आत जाऊन आलाय. एवढं पुरे झालं. दारवानाला ठाण्यात आणलं. मधल्या वयाचा, रापलेला माणूस. आमच्या हवालदाराचे हात शिवशिवत होते. मी त्याला चहा आणायला पिटाळलं आणि दारवानाला समोर बसवलं.

"पोरगं कुणासंगं गेलं?"

"सायेब, दारातनं येकबी पोरगं परक्यासंगं गेलं न्हाई. मी डोळ्यांत तेल घालून बसलो हुतो."

हेच मी उलटसुलट करून विचारत राहिलो. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला काहीतरी नवं घालतो, सजवतो. हा तेवढंच बोलत होता आणि तेवढ्यावरच रडकुंडीला येत होता. मी म्हणालो, बरं, मुलगा राहू दे, काल दिवसभर दारात काय काय झालं ते सांग. त्यावर तो म्हणाला, "दुसरं काय न्हाई. एका बाईला येक रडती पोरगी घावली हुती. लाल रिबिनीची. भोंग्यावर दोनदा पुकारलं, पोरगी घावलीया म्हनून. मग मी गर्दीत गुतलो. तिच्या मानसांनी नेली आसंल."

तिच्या माणसांनी नेली असं कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. मला ते खटकलं.

मुलाची आई बाहेर ओट्यावर पदर ओढून बसली होती. कालपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. वर्दी पुरुषाने द्यायची, बाईने बाजूला बसून रडायचं, अशीच आपल्याकडची रीत. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो.

"बाई, मुलाचं वर्णन नको. काल पहाटे उठल्यापासून तुम्ही त्याचं काय काय केलंत, ते सगळं सांगा."

ती थांबत थांबत सांगू लागली. "अंघुळ घातली. दूधभात चारला. केसास्नी तेल लावलं, दोन येण्या घातल्या, रिबिनी बांदल्या..."

"कुणाच्या वेण्या?"

"त्येच्याच की." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आदीची दोन गेली, सायेब. ह्याचं जावळ नवसाचं हाय, पाचव्या वर्साला देवीम्होरं काडायचं. तवर गर्दीत न्यायाचा तर झगा घालूनच, नजर लागाय नगं. नव्या सदऱ्याला सासूबाईच नगं म्हनल्या."

"आणि भोंग्यावर पुकारलं ते ऐकलं नाही?"

"आयकलं की. पन ते पोरगीचं हुतं." बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं आणि तिने तोंडावर हात दाबून धरला.

तिला मी दोष कसा देणार? झगा तिनेच घातला होता, वेण्या तिनेच घातल्या होत्या, पण तिच्या मनात तो मुलगाच होता. आधीच पाळीला गेलेल्या वडिलांना तर त्या दिवशीचा झगा ठाऊकच नव्हता आणि नवसाच्या केसांबद्दल बाहेर बोलायचं नाही ही घरची शिस्त. एकाच भोंग्यावरून आधी मुलगी सापडल्याचं पुकारलं गेलं आणि नंतर मुलगा हरवल्याचं. ऐकलं सगळ्यांनी, पण दोन्ही एकाच पोराबद्दल आहे हे समजलं कुणालाच नाही.

पुढचं काम सोपं होतं. मुळशीला मुक्कामी जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला आठवत होतं. दोन भाचरं बरोबर आणि कडेवर लाल रिबिनीची मुलगी घेतलेली एक बाई धरणापाशी उतरली होती. दारवानाला तिथल्या तिथे सोडलं. आईवडिलांना जीपमध्ये घेऊन आम्ही मुळशी गाठली.

धरणापाशी विचारत विचारत त्या बाईच्या दारात पोचलो. भाताच्या खाचरांच्या कडेला घर होतं. दार आतून लावलेलं. हाक मारल्यावर एक पस्तिशीतली विधवा बाहेर आली. भावाच्या घरी राहायची. तिच्यामागे मुलगा उभा होता, भाच्याचा सदरा घातलेला, तोंडाला भात लागलेला. वेण्या जशाच्या तशा होत्या. आईने त्याला असं उचललं की तो घाबरून रडायला लागला. वडील ओरडले, "हिच्यावर केस करा!"

बाईने हात जोडले. "दोनदा पुकारलं, सायेब. येवड्या मानसांत कुनी म्होरं आलं न्हाई. म्हनलं, पोरगी हाय, नकुशी झाली आसंल, टाकून गेल्यात. मला मूलबाळ न्हाई, मी वाडवीन. घरी झगा बदलाया घेतला तर पोरगा! पोरगा म्हनल्यावर समदी धुंडीत येनार आन् मलाच पोर पळवनारी म्हननार. भ्यानं दार लावून बसले."

तिच्या मनात कपट नव्हतं, हे माझ्याइतकंच त्या आईलाही कळलं. तिने नवऱ्याचा हात धरला. "केस-बिस काय न्हाई. हिनं माजं लेकरू पोटाशी धरून ठिवलं," ती म्हणाली आणि नवऱ्याने मुलाला आपल्या कडेवर घेतलं. मी बाईचा जबाब घेतला, मुलगा आईबापांच्या ताब्यात दिला आणि पुढे कारवाईचं कारण नाही असं लिहून प्रकरण मिटवलं.

तपास कसा करावा, हे मला वरिष्ठांनी शिकवलं. तपासात बाईमाणसाला आधी विचारावं, हे या प्रकरणाने शिकवलं. पण खरा धडा वेगळाच होता. आईबापांची चूक समजण्यासारखी होती. बाकीच्या त्या सगळ्या गर्दीने, मुलगी सापडली आहे, हे दोनदा ऐकलं आणि कुणी झोक्यापासून मानसुद्धा वळवली नाही. त्या बाईलाही त्याचं नवल वाटलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

निघताना मी तिला म्हणालो, "मुलगी असती तरी आम्ही शोधत आलोच असतो, बाई."

"येत आसाल तर लई बरं हाय, सायेब," ती म्हणाली आणि रिकामे हात पदराला पुसत आत गेली.

त्यानंतर हरवलेल्या मुलीची वर्दी माझ्या ठाण्यात कधीही सकाळपर्यंत थांबली नाही.