सिनेटर जिथे सोनं खणत होते

अमेरिकेला जाता येत नाही ना, मग अमेरिकेतला माणूस जिथे येऊन गेला तिथे जाऊ! मेलबर्नचा लांबलेला लॉकडाऊन उठला आणि शहराबाहेर जायची परवानगी मिळाली, त्याच आठवड्यात मी हे ठरवलं. माझी पीएचडी एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन सिनेटरवर आहे. सीमा बंद, त्यामुळे तिकडची कागदपत्रं पाहायची राहिली होती आणि स्कॉलरशिपचे सहाच महिने उरले होते. पण तरुणपणी हा गृहस्थ दोन वर्षं इथे, मेलबर्नच्याच व्हिक्टोरिया राज्यात, सोनं खणत होता. परत जाऊन वकील झाला, मग सिनेटर. गुलामगिरीविरुद्धची त्याची भाषणं गाजली. दुबळ्यांचा कळवळा त्याला इथल्या खाणींवरच आला, असं सगळे चरित्रकार लिहितात. मला त्याचा पुरावा हवा होता, आणि तो मिळणार याची खात्रीही होती.

शनिवारी सकाळी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातून निघालो. गाडी मैत्रिणीची, शेरिलची. ती वसईची, नर्स, कित्येक महिन्यांनी सलग दोन दिवस सुट्टीवर. "इतिहास तुझा तू बघ गं, मला फक्त मोकळं आकाश पाहिजे," तिने बजावलं.

काल्डर फ्रीवेने कॅसलमेन दोन तासांच्या आत येतं. वाटेत वुडएंडच्या बेकरीत गरम 'पाय' (pie) खाऊन घ्या. मास्क हवाच, आणि प्रत्येक दारात नाव-नंबर लिहावा लागतो. कॅसलमेनपासून पंधरा मिनिटांवर एका खेड्यात छोटं संग्रहालय आहे. आधी फोन करा, तरच उघडतात.

दार उघडलं संग्रहालय सांभाळणाऱ्या मार्गारेटने. सत्तरीची, चिनी वंशाची, जन्म याच गावचा. सिनेटरचं नाव ऐकून ती आत गेली आणि एक जुना अर्ज घेऊन आली. ओढ्यावरच्या चिनी खाणकामगारांना हाकलून द्या, अशी गोऱ्या खाणकामगारांची मागणी. खाली सह्या. चौथी त्याची. दोन वर्षं त्याच्या भाषणांच्या स्कॅनमध्ये ती सही बघत आले होते, चुकणं शक्यच नव्हतं.

"माझे पणजोबा त्या ओढ्यावर होते," मार्गारेट इंग्रजीत म्हणाली. "सगळ्यांचे तंबू उठवले. तू हे लिहिणार आहेस?"

शेरिल माझ्याकडे बघत होती. "तुझा अख्खा थीसिस उलटा होईल," ती हळूच मराठीत म्हणाली.

"होऊ दे." मग मार्गारेटला इंग्रजीत सांगितलं, "लिहिणार. पहिल्याच प्रकरणात."

दुपारभर आम्ही त्या ओढ्याकाठी बसलो. पाणी नव्हतंच, नुसते गोटे आणि गम ट्री, म्हणजे इथली निलगिरीची झाडं. शेरिल गवतात आडवी होऊन झोपली. मला राग येत होता, त्याच्यापेक्षा माझाच. दोन वर्षं मी फक्त त्याची भाषणं वाचली होती.

सोमवारी झूमवर माझ्या गाइडनी अर्जाचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "सहा महिन्यांत होईल?" मी म्हटलं, होईल. आठवडाभरात नवं प्रकरण लिहून मार्गारेटला पाठवलं. त्यात तिच्या पणजोबांचा 'एक चिनी खाणकामगार' असा उल्लेख होता. तिने एवढंच कळवलं, "त्यांचं नाव लिआंग सुन."

आता प्रकरण त्याच नावाने सुरू होतं. सिनेटर दुसऱ्या परिच्छेदात येतात.