नोंदणी प्रमाणपत्राची अट

आमच्या नगरपरिषदेत तरुणांच्या कार्यक्रमांसाठी दरवर्षी थोडा निधी येतो. तो वाटायची रीत ठरलेली: जितके प्रभाग तितके तुकडे. एका तुकड्यात दोन कॅरम बोर्ड आणि उद्घाटनाचा मंडप, एवढंच बसतं. मी शाळामास्तर. स्वीकृत सदस्य म्हणून सभागृहात गेलो तेव्हा या तुकड्यांचा मला भयंकर राग यायचा. त्यात मागच्या साली एक तुकडा अशा मंडळाला गेला, जे फक्त लेटरहेडवर होतं. मी सभेत टेबल ठोकलं. यापुढे नोंदणी प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचे तपासलेले हिशेब असल्याशिवाय कुणाला निधी नाही! ठराव मी घरी बसून स्वतः टाइप केला. तो एकमताने मंजूर झाला. एकही नगरसेवक विरोधात बोलला नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

फेब्रुवारीत छाननी समितीपुढे अर्ज आले; समितीत मीही होतो. अकरा फायली, त्यांतल्या नऊ नाट्यमंडळांच्या.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा भरतात, त्यांत रात्रभर नाटकं होतात. तिकिटं विकायची, पोलिसांची परवानगी काढायची, वडशाच्या नाटक कंपनीला इसार द्यायचा, म्हणून वॉर्डावॉर्डातल्या नाट्यमंडळाची नोंदणी असते आणि हिशेबही चोख असतात. मी इथलाच. ही नाटकं पोत्यावर बसून बघत मोठा झालो. तरी अट लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. नऊही मंडळांना ‘युवकांच्या सांस्कृतिक विकासासाठी’ पडदे आणि भोंगे हवे होते. त्यांचे बहुतेक अध्यक्ष माझ्याहून वयाने मोठे.

बारावा अर्ज फायलीत नव्हताच. रेघी वहीची दोन पानं, खाली एकोणीस मुलींच्या सह्या. पोलीस आणि वनरक्षक भरतीसाठी या मुली पहाटे मोठ्या रस्त्यावर धावतात. माझीच एक जुनी विद्यार्थिनी त्यांना शिकवते. ती स्वतः भरतीत थोडक्यात हुकली, आता दुपारी कापडाच्या दुकानात बसते. त्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक चालतात. जानेवारीत एका ट्रकला चुकवताना एक मुलगी नालीत पडली, गुडघा फुटला. तेव्हापासून आईबाप मुलींना पाठवायला कचरत होते. अर्जात मागणी एवढीच, की राइस मिलमागची नगरपरिषदेची पडीक जागा सपाट करून द्यावी आणि गोळाफेकीचे दोन गोळे द्यावेत. कार्यालयातल्या बाबूने त्यावर ‘अपात्र’ लिहून ठेवलं होतं.

मी म्हणालो, “या मुलींचा विचार व्हायला पाहिजे.”

समितीतले एक नगरसेवक एका नाट्यमंडळाचे सल्लागारही आहेत. ते हसले. “सर, मागच्या साली तुमीच टेबल ठोकून राह्यले होते. आता आमी सारे कागद आणले, तं तुमचं तोंड काऊन उतरलं?”

“त्या रस्त्यावर धावतात, भाऊ. ट्रकच्या पुढे.”

“धावू द्या न. आमी कुठी अडवलं? अट तुमची हाये बाप्पा, आमची नाई.”

मुख्याधिकारी सौम्यपणे म्हणाले, “अट शिथिल करायची तर ठराव बदलावा लागेल, अर्ज पुन्हा मागवावे लागतील. तेवढ्यात मार्च उलटला तर निधी परत जाईल. तुम्ही म्हणाल तसं.”

मी म्हणेन तसं! मी म्हणालो असतो तर एक विशेष सभा लागली असती, बस. निधी परत गेलाच असता असं नाही. पण त्या सभेत मला उभं राहून सांगावं लागलं असतं की मी चुकलो, आणि समोर हे भाऊ हसत बसलेले असते. मी मार्चचं कारण पुढे केलं आणि पात्र मंडळांच्या यादीवर सही केली. चहा आला, तोही प्यायलो.

माझ्या त्या विद्यार्थिनीला कळवायला मी स्वतः कापडाच्या दुकानात गेलो. ती साड्यांच्या घड्या घालत होती. मी नियम, पारदर्शकता वगैरे बोललो. तिने ऐकून घेतलं.

“सर, नोंदणीले सात जण लागतात, जिल्ह्याच्या चकरा लागतात. पोरी धावतील का त्या हापिसात बसतील?”

“पुढच्या वर्षी मी स्वतः करून देतो.”

“भरती याच साली हाये.” तिने घडी दाबून बसवली. “अट लिहाच्या आधी मले एक फोन काऊन नाई केला? नंबर तं हाये तुमच्याकडं.”

होता. तरुणांसाठीचा ठराव लिहिताना मी एकाही तरुणाला विचारलं नव्हतं. आधीच्या ठरावांचे नमुने तेवढे मागवले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे स्कूटर घेऊन त्या रस्त्यावर जाऊ लागलो. मुली पुढे धावतात, मी मागून इंडिकेटर लावून, ट्रकवाल्यांना हात दाखवत हळूहळू येतो. एकोणीस जणींतल्या चौदाच उरल्या आहेत. आपण काही तरी करतोय, असं मला पहिले दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी ती धावता धावता मागे वळून ओरडली, “सर, तुमच्या गाडीचा धूर नाकात जाऊन राह्यला! दूर राहा थोडे!”

मी गाडी मागे घेतली. आता अंतर इतकं पडतं, की ट्रक माझ्या आणि त्यांच्या मधे सहज शिरतो.