नव्या मारुतीला पाडलेली भोकं
ताज्या कापलेल्या लोखंडाचा वास आला की नागपुरातलं आमचं अंगण आठवतं. तिथे नवी मारुती उभी होती, माझ्या लग्नात नवरदेवाला द्यायला घेतलेली. काटोल रोडवर मी तीच चालवायला शिकले होते. वळणावर ती डगमगायची, म्हणून बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे शॉकअब्सॉर्बर जिथे बसतात, त्या जागा जोडणारा आडवा लोखंडी दांडा मी बनवून आणला आणि भर दुपारी पत्र्याला ड्रिल लावलं. आई धावत आली. "काहून खराब करून राहिली वं? त्यायले द्यायची आहे ना!" "मले चालवायची आहे," म्हणत मी नट आवळला. संध्याकाळी नवरदेवाचे वडील गाडी पाहायला आले. बॉनेट उघडून त्यांनी बाबांना विचारलं, "नव्या गाडीले हे कोणं केलं?" मी पुढे झाले. "मी केलं. गाडी मी देणार नाही. तुमच्या पोराले चालत असंन तर मी एकटीच येतो." चहा तसाच ठेवून ते निघून गेले. ते लग्न मोडलं. पुढे माझं लग्न उशिरा झालं, पण देण्याघेण्याशिवाय झालं. त्या दुपारचं मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही.