सुईचं टोक

तैसिया निकानोरोव्नाचा स्वतःच्या डोळ्यांखेरीज कशावरच विश्वास नव्हता. शेजारणीने दिलेल्या मुरांब्याचाही ती आधी वास घेई. मॉस्कोबाहेरच्या त्या कडक पहाऱ्यातल्या कारखान्यात अठरा वर्षं ती पॅराशूट शिवत होती आणि तिथे हा स्वभाव कामाचाच होता. सत्तर सालच्या उन्हाळ्यात तिच्या हातून निघालेलं पॅराशूट एका यंत्राला शुक्रावर उतरवणार होतं.

शिलाईच्या खोलीत सुया सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून परत करायच्या. मोडली तर दोन्ही तुकडे दाखवायचे. त्या पॅराशूटच्या कामाच्या शेवटच्या दिवशी तिची सुई मोडली आणि टोक काही मिळेना.

जेवणानंतर मुकादम येर्मोलाय साव्विच हसत आला. "हे घ्या टोक. तुमच्या टेबलाखालीच पडलं होतं. करा सही."

तिने भिंगाखाली दोन्ही तुकडे जोडून पाहिले. "हे माझ्या सुईचं नाही."

"सुई ती सुई!"

"माझी जाड होती. हे बारीक आहे. कुठून आणलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "बाई, उद्या माल निघायचाय. शुक्र काही तुमच्यासाठी थांबणार नाही!"

"मग जाऊ दे. माझ्या सहीशिवाय जाऊ दे."

तासाभरात तिला सुरक्षा कचेरीत बोलावणं आलं. करड्या कोटातल्या माणसाने चहा पुढे केला. तिने हात लावला नाही.

"काम लांबवायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"तुमचा भाऊ नऊ वर्षं सक्तमजुरीच्या छावणीत होता ना?"

आवाज तिने हलू दिला नाही. "माझ्यावर खुशाल संशय घ्या, साहेब. पण आधी त्या कापडावर घ्या."

मग त्याने फोन उचलला.

बांधलेलं पॅराशूट पुन्हा उलगडलं. तिघी बायका गुडघ्यांवर बसून शिवण न् शिवण चाचपत होत्या. चौथ्या पट्टीच्या दुहेरी शिवणीत ते टोक सापडलं, तिळाएवढं. उघडताना झटका बसला असता तर कापड तिथूनच फाटलं असतं.

शाबासकी कोणी दिली नाही. येर्मोलाय साव्विचची गोदामात बदली झाली आणि बायका तिच्याजवळ बसायचं टाळू लागल्या. हिने आपलं नाव सुरक्षा कचेरीत सांगितलं तर?

जानेवारीत भोजनगृहातल्या रेडिओने सांगितलं, यंत्र शुक्रावर उतरलं, तिथून संदेश आला. सगळे टाळ्या वाजवू लागले. तैसिया मात्र चमचा खाली ठेवून तडक एका इंजिनियरपाशी गेली.

"पॅराशूट उघडलं का?"

"बाई, पोचलं ना ते! आता कसली शंका?"

"उघडलं का, तेवढं सांगा."

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "उघडलं."

ती बाहेर बर्फात येऊन उभी राहिली. हात तिने बगलेत घट्ट धरले. मग शिलाईच्या खोलीत गेली. पुढच्या यंत्राच्या पॅराशूटचं कापड येऊन पडलं होतं.