लिंक नसलेली सभा

ग्रामपंचायतीची सदस्य झाल्यावर माझ्या पहिल्याच ग्रामसभेला सगळे मिळून अकरा जण जमले. त्यातले सहा तर आम्ही सदस्यच. शंभर माणसं नसतील तर सभा होत नाही, म्हणून ग्रामसेवकांनी अर्धा तास वाट पाहून ती तहकूब केली.

गावाला राजकारणाचं वावडं होतं असं मात्र नाही. त्याच वेळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझे मोठे दीर आणि बुद्धविहाराच्या गल्लीतले रिटायर कंडक्टरकाका यांची दिल्लीच्या सरकारवरून जुंपली होती. दोघं एका वर्गात शिकलेले, पण पक्ष वेगळे. मेसेज हातभर लांब.

मला हसू आलं आणि रागही आला. रिकाम्या सतरंजीचा फोटो काढून मी त्या भांडणाच्या मधोमध टाकला. खाली लिहिलं, 'ग्रामसभा. जागा हाये. या.'

दिरांचा लगेच मेसेज आला, 'लिंक टाक.'

मी लिहिलं, 'लिंक नाई भाऊ. पायानं या लागते.'

दिरांना असं मी कधी बोलले नव्हते. पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. पण ग्रुपवर सगळे हसत सुटले. बचतगटाच्या बायकांनी ते वाक्य घरोघरी पोचवलं. संध्याकाळी दीर ओसरीवर भेटले. एवढंच म्हणाले, "पुढची सभा कवा हाये?"

आठवड्यानं सभा पुन्हा बोलावली, तर शाळेतून सतरंज्या आणाव्या लागल्या. दीर आणि काका उशिरा आले. खांबाजवळच तेवढी जागा उरली होती, तिथं दोघं मांडीला मांडी लावून बसले. ग्रामसेवकांनी गावाच्या कमानीच्या खर्चाचा विषय वाचला आणि म्हणाले, "बोला." ग्रुपवरचे सगळे पुढारी गप्प.

शेवटी काका खाकरले. "शाळेच्या रस्त्यावर नाल्यावरचा रपटा वाहून गेला, त्याचं काय? लेकरं नाल्यातून जाऊन राह्यले."

"बराबर हाये," दीर म्हणाले. "मी बी तेच इचाराले आलो."

मागून एक बाई म्हणाली, "गावाची कमान मागून बांधा. पयले रपटा." रपट्याचा ठराव मीच वाचला.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा दिल्लीवर घसरले. फक्त काकांच्या मेसेजखाली एक ओळ जास्तीची होती: 'इंजिनिअर दहाले येऊन राह्यला. माप घ्याले ये बे.' दीर चहा अर्धा टाकून गेले.

पावसाळ्याआधी रपटा झाला. त्याचा फोटो दोघांनीही ग्रुपवर टाकला, आणि तो कोणाच्या पक्षामुळे झाला यावर तीन दिवस भांडण चाललं.