टेप बेंबीवरून

"कंबर किती तुमची?" कराडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चौतीस," मी बेधडक सांगितलं. तीस वर्षं उंब्रजला पँटी शिवतोय. अख्ख्या गावाची कंबर मला तोंडपाठ, मग स्वतःची नसेल का?

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी दुकानातून तसाच उठून गेलो होतो, त्यामुळे टेप गळ्यातच राहिला होता. त्यांनी तोच मागून घेतला, मला उभं केलं, शर्ट वर धरायला लावला आणि टेप बरोबर बेंबीवरून फिरवला. "श्वास सोडा. पोट आत ओढू नका," म्हणाल्या. ओढलंय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

बेचाळीस.

"टेप जुना झालाय बाई, ताणलाय," मी म्हटलं. ताणलेला टेप कमी दाखवतो, जास्त नाही, हे त्यांना ठाऊक नसलं तरी मला चांगलं ठाऊक होतं. बायको सुमन शेजारीच बसली होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

मग बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवला. एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिच्यातून गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज कळतो. माझी नऊ पॉइंट आठ होती. "तुम्हाला डायबेटिस आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्यातला बराचसा या आठ इंचांतून आलाय." सुमनचं हसणं थांबलं.

मुळात मी दवाखान्यात गेलो होतो डोळ्यांसाठी. दोन महिन्यांपासून काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला होता. चष्मा बदलला. पाच आठवड्यांत तोही चालेना, पुन्हा बदलला. तेव्हा चष्मेवालाच म्हणाला, "मामा, नंबर असा पळत नसतो. आधी साखर तपासा." त्याचे उपकार मी विसरणार नाही. स्वतःचा तिसरा चष्मा विकायचा सोडून त्यानं मला डॉक्टरकडे धाडलं.

खरं सांगतो, डायबेटिस हा शब्द ऐकून मी घाबरलो नाही. गावात निम्म्या लोकांना आहे. मी घाबरलो डोळ्यांसाठी. शिलाईशिवाय मला दुसरं काहीही येत नाही. वडील माणदेशात मेंढरांमागे फिरायचे, मी मात्र तेराव्या वर्षी मशीनवर बसलो तो बसलोच. नजर गेली तर मी कोण, हा प्रश्न मला कराडच्या त्या खुर्चीत बसल्या बसल्याच पडला.

बाईंनी धीर दिला. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगाची जाडी बदलते, त्यामुळे नंबर हलतो, साखर उतरली की तो बहुतेक जागेवर येतो. "पण मागच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, मी सांगू शकत नाही. तो सांगलीला दाखवा. लगेच."

आठवड्याभरात सांगली गाठली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून बराच वेळ आत बघितलं. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके सापडले. "सुरुवात आहे. आज काही करायचं नाही. साखर आणा ताब्यात, सहा महिन्यांनी या. वाढले तर मग लेसरचं बघू." एवढंच बोलले. मी ते सहा महिने परीक्षेला बसलेल्या पोरासारखे काढले.

आता त्या आठ इंचांचं सांगतो. तुमच्यापैकी कुणाला तरी हे उपयोगी पडेल, म्हणूनच लिहायला बसलोय.

माझे हातपाय बारीक. वजनकाट्यावर कधी कुणी नाक मुरडलं नाही. सोनोग्राफीत मात्र फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे यकृतात चरबी. बाईंनी समजावलं ते असं. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी त्या मानानं गरीब. आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठते ती व्हिसरल फॅट, म्हणजे आतली चरबी. ती गप्प बसत नाही. ती रक्तात अशी काही द्रव्यं सोडत राहते की त्यामुळे शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रक्तातली साखर पेशींनी आत घ्यावी म्हणून इन्सुलिन दार वाजवतं. पेशी दार लवकर उघडत नाहीत. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवतं, अशी वर्षं जातात, आणि एक दिवस तेही थकतं. साखर रक्तातच राहते. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत हवी. बायकांची ऐंशी सेंटिमीटर.

मग मी चौतीस कुठून आणली? इथे माझ्या धंद्याची लबाडी कबूल करतो. आमच्याकडे माणसाचं पोट सुटलं की पँट पोटाखाली उतरते. तिथे कंबर वर्षानुवर्षं तेवढीच राहते, आणि माप वाढलं नाही म्हणून गिऱ्हाईक खूश. मी तर त्यात हुशारी केली होती. पँटीचा कमरपट्टा पुढून दोन बोटं खाली आणि मागून जरा वर ठेवायचा, की पोट पँटीवर बसतं आणि पट्टा टोचत नाही. माझ्या हातची पँट घालायला कडेगावहून माणसं यायची. त्याच मापानं मी स्वतःच्या पँटी शिवल्या आणि स्वतःलाच फसवलं.

दुसरा गुन्हेगार म्हणजे मोटर. बारा वर्षांपूर्वी मशीनला मोटर बसवली आणि पाय मोकळे झाले. त्याआधी दिवसभर पायटा, म्हणजे मशीनखालचं पायडल, मारत होतो. त्यात माप घ्यायला आलेल्या प्रत्येकाबरोबर एक गोड चहा, नाही म्हटलं तर माणूस रुसतो. दिवसाला दहा कप सहज व्हायचे. पोट काय हवेनं वाढलं नव्हतं.

मोटर काढून ठेवली. सरळ शिलाई सगळी पायानं. पहिल्या दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या की जेवायला उठताना सुमनला हाक मारावी लागली. बाई म्हणाल्या, पायटा चांगला, पण चालणं चुकवू नका. मग पहाटे दोघं सर्व्हिस रोडनं पाऊण तास चालू लागलो. सुमन पुढे आणि मी मागे, कारण ती झपाझप चालते. चहा बिनसाखरेचा, दिवसाला दोनच. ताटात आधी काकडी-टोमॅटो, भाजी, डाळ, मग भाकरी, भात दोन घास.

एक मूर्खपणाही केला, तो तुम्ही करू नका. एकानं कारल्याचा रस सांगितला म्हणून मी बाईंनी दिलेल्या गोळ्या बंद करून तीन आठवडे तो रस प्यालो. साखर परत वर. बाईंनी मला पाच मिनिटं झापलं. मेटफॉर्मिन नावाची ती गोळी शरीराला इन्सुलिनचं ऐकायला मदत करते. तेव्हापासून मी ती विचारल्याशिवाय एक दिवस सोडलेली नाही.

दुकानात मी आता सगळ्यांचं एक जादा माप घेऊ लागलो, बेंबीवरून. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आबा माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचं त्रेचाळीस भरलं.

"चौतीस लिही," आबा गुरकावले. "सव्वीस वर्सं फौजेत चौतीसच हुती."

"आबा, पँटीचं चौतीसच लिवतो. ह्ये तुमच्यासाठनं घेतलंय. साखर तपासून घ्या."

"तू शिंपी हायस का डाक्टर रं?" कापड उचलून आबा निघून गेले. मला लय वाईट वाटलं. महिन्यानं तेच कापड घेऊन परत आले. टेबलावर वाढलेल्या साखरेचा रिपोर्ट आपटला, स्वतः शर्ट वर केला आणि म्हणाले, "घे गड्या. बेंबीवरनं घे."

दोन महिन्यांत माझी नजर निवळली. नवे दोन्ही चष्मे निकामी झाले, जुनाच परत लागला. सहा महिन्यांनी कंबर साडेसदतीस आणि एचबीएवनसी सहा पॉइंट पाच. बाईंनी शाबासकी दिली. पण माझा सगळा जीव सांगलीत अडकला होता.

परत थेंब, परत काळोखी खोली. डॉक्टर आत बघत राहिले. बाहेर नंबर पुकारत होते आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता. शेवटी दिवा बाजूला करून ते म्हणाले, "वाढ नाही. काही ठिपके तर विरलेत. वर्षानं या, आणि शिवत राहा."

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, डॉक्टरांसमोर चक्क रडलो. सुमननं डॉक्टरांना हात जोडले. मी मनातल्या मनात त्या चष्मेवाल्यालाही जोडले.

दवाखान्याबाहेर आलो तर दुपारचं ऊन. थेंबांमुळे सगळं पांढरं झगझगीत दिसत होतं. समोर रस्ता, मोटारसायकली, एसट्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण रस्त्यात आम्ही कधी एकमेकांचा हात धरला नव्हता. आमच्याकडे तशी रीतच नाही. सुमननं हात पुढे केला.

"आवं, द्या हात हिकडं. दिसत न्हाई न्हवं तुमास्नी?"

खरं तर मला रस्ता बऱ्यापैकी दिसत होता.

"न्हाई गं," मी म्हणालो, आणि हात दिला.